फिरत्या घरातील विजेचा जमाखर्च

धान्याच्या अडतीवर सारा जन्म काढलेल्या माणसाने विजेच्या बॅटऱ्यांविषयी लिहावयास बसावे, हे काही सभासद बंधूंस चमत्कारिक वाटेल. परंतु बॅटरी हीदेखील अखेर एक साठवणच आहे. तिच्यात माल भरावा लागतो, तो काढताना तूट येते, आणि विकणारा जे माप सांगतो ते व घेणाऱ्याच्या पदरी पडते ते माप यांत अंतर असते. या तिन्ही गोष्टींशी आमचा चाळीस वर्षांचा परिचय आहे. आपल्या संघातील काही कुटुंबांनी अलीकडे फिरती घरे, म्हणजे ज्यांस कॅम्पर किंवा कॅराव्हॅन म्हणतात तशा मोटारी, करवून घेतल्या आहेत. त्यांतील एक आमच्या वडील बंधूंच्या चिरंजीवांची आहे. तिच्यातील शिशाच्या बॅटऱ्या काढून लिथियमची बॅटरी बसविण्याचा जो खटाटोप झाला, त्याचा हिशेब इतरांच्याही उपयोगी पडेल म्हणून येथे मांडीत आहोत.

अशा मोटारींची हौस युरोप-अमेरिकेत जुनी आहे. जर्मनीत फोक्सवॅगन कंपनीच्या छोट्या बसगाड्यांत १९५० नंतर बिछाने व स्वयंपाकाची सोय करून लोक हिंडू लागले. आपल्याकडे महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, तेव्हापासून हा शब्द वृत्तपत्रांतून वारंवार दिसू लागला. आपल्या कुटुंबांना या वाहनाचे आकर्षण वाटते त्याचे कारण मात्र निराळे आहे. प्रवासात सूर्यास्तापूर्वी घरचे ताजे अन्न व गाळलेले पाणी मिळावे, वृद्धांस धर्मशाळेचे जिने चढावे लागू नयेत, एवढाच त्यांचा हेतू असतो. आमच्या वहिनींस मधुमेह आहे. त्यांचे इन्सुलिन थंड राहावे हे आणखी एक कारण. म्हणजे या गाडीतील लहानसा फ्रिज हा चैनीचा विषय नसून औषधाचा विषय होता, आणि फ्रिज चालणे हे सर्वस्वी बॅटरीवर अवलंबून होते.

गाडी म्हणजे चौदा आसनी बसचे रूपांतर. छतावर प्रत्येकी दोनशे वॅटच्या तीन सौर पट्ट्या आहेत. त्यांची वीज एका नियंत्रकातून बॅटरीत जाते. दिवे, पंखे व फ्रिज बॅटरीवर थेट चालतात. मिक्सरसाठी घरच्यासारखी दोनशे तीस व्होल्टची वीज लागते, ती इन्व्हर्टर तयार करून देतो. प्रथम बसविलेल्या बॅटऱ्या बारा व्होल्टच्या, दीडशे अँपियर-तासांच्या, शिशाच्या नळीदार पट्ट्यांच्या अशा दोन होत्या. घरोघरी इन्व्हर्टरखाली असतात त्याच. दोन्हींचे वजन आम्ही दुकानातील काट्यावर केले, ते एक क्विंटलाहून अधिक भरले.

आता मापाचा विचार करू. बारा व्होल्ट गुणिले तीनशे अँपियर-तास म्हणजे तीन हजार सहाशे वॅट-तास, अथवा वीज मंडळाच्या भाषेत ३.६ युनिट. हे झाले छापील माप. परंतु शिशाची बॅटरी वारंवार तळापर्यंत रिकामी केली तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते, म्हणून जाणते लोक तिच्यातील अर्धाच माल काढतात. राहिले १.८ युनिट. त्यातही एक कडता असा की, छापील माप हे संथपणे, दहा किंवा वीस तासांत, वीज काढली तर मिळणारे माप असते. घरगुती इन्व्हर्टरच्या बॅटरीवर ते बहुधा वीस तासांचे व सौर कामाच्या बॅटरीवर दहा तासांचे छापतात. म्हणून एकाच आकड्याच्या या दोन बॅटऱ्या समान नव्हेत. वीज जितकी घाईने काढावी तितकी एकूण कमी मिळते, हा नियम जर्मन शास्त्रज्ञ पॉइकर्ट यांनी १८९७ साली मांडला. मिक्सर लावताच दिवे मंद होत, त्याचे मूळ येथे आहे. भरतानाही तूट येते. शंभर भाग वीज आत घातली तर ऐंशी ते पंच्याऐंशी भाग परत मिळते. त्याशिवाय शेवटचा पाचवा हिस्सा भरावयास ती इतका वेळ लावते की, सूर्य मावळतो आणि बॅटरी अपुरीच राहते. अशी अपुरी भरलेली बॅटरी पडून राहिली तर पट्ट्यांवर गंधकाच्या क्षाराचे थर चढून ती कायमची दुबळी होते. पोत्यावर शंभर किलो लिहिलेले, बारदान वजा, कचरा वजा, ओलावा वजा, आणि हाती पंचेचाळीस किलो, असा हा व्यवहार होता.

खर्चाची बाजू आम्ही एका कागदावर मांडली. फ्रिज दिवसरात्रीत सुमारे पाचशे चाळीस वॅट-तास घेतो. पंचवीस वॅटचे दोन पंखे दहा तास म्हणजे पाचशे. दिवे शंभर, दूरध्वनी भरणे साठ, पाण्याचा पंप तीस, मिक्सर ऐंशी. बेरीज तेराशे दहा. यात एक अदृश्य दलाल आहे, तो म्हणजे इन्व्हर्टर. काहीही न चालविता तो नुसता चालू ठेवला तरी बारा वॅट खातो, म्हणजे चोवीस तासांत जवळजवळ दोनशे नव्वद! मिक्सरच्या ऐंशीसाठी दोनशे नव्वदांची दलाली कोणता व्यापारी देईल? काम संपताच इन्व्हर्टर बंद करण्याची शिस्त लावली, तेव्हा एक नवा पैसा न खर्चिता रोजचा खर्च सोळाशेवरून साडेतेराशेच्या आत आला. ज्यांस नवी बॅटरी घ्यावयाची आहे त्यांनी आधी हा कागद करावा, असे आम्ही आग्रहाने सुचवितो. आवक पाहू जाता, छतावरील सहाशे वॅटच्या पट्ट्या आडव्या असल्यामुळे स्वच्छ उन्हाच्या दिवशी सुमारे दोन हजार वॅट-तास देतात. आषाढात कोकणात उतरले तर पाचशेही मिळत नाहीत. अशा दिवसांत जुन्या बॅटऱ्यांवर दुसरी रात्र निभावत नसे.

लिथियम या शब्दाने पुष्कळांचा घोटाळा होतो. गहू म्हटले तरी खपली निराळा, शरबती निराळा, लोकवन निराळा. तसेच हे आहे. लिथियम-आयन बॅटरी बाजारात प्रथम सोनी कंपनीने १९९१ साली आणली. तिच्यात कोबाल्टचे संयुग होते. पुढे टेक्सास विद्यापीठातील जॉन गुडइनफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली लोह व फॉस्फेट यांचे संयुग वापरण्याची युक्ती प्रसिद्ध केली. गुडइनफ यांस व्हिटिंगहॅम व योशिनो यांच्यासह २०१९ साली नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा त्यांचे वय सत्त्याण्णव वर्षांचे होते. फिरत्या घरात बसवावयाची ती ही लोह-फॉस्फेटची बॅटरी होय. निकेल-कोबाल्टच्या जातीपेक्षा ती त्याच वजनात वीज थोडी कमी साठविते, पण उष्णता पुष्कळ अधिक सोसते व सहजी पेटत नाही. सहजी पेटत नाही याचा अर्थ पेटतच नाही असा करू नये. २०२२ सालच्या उन्हाळ्यात देशात विजेच्या काही दुचाकी पेटल्या व शासनाने त्यांची चौकशी केली, त्यानंतर लिथियमचे नाव निघताच घरातील स्त्रिया घाबरतात. ती भीती अगदीच निराधार म्हणता येत नाही. ज्या गाडीत माणसे निजतात तिच्यात जात पाहूनच माल घ्यावा.

या बॅटरीत ३.२ व्होल्टचे चार कोष एकापुढे एक जोडलेले असतात, म्हणून तिचा दाब १२.८ व्होल्ट. दोनशे अँपियर-तासांची एक घेतली तर छापील माप २.५६ युनिट होते. तीतून नऊ-दशांश माल काढला तरी तिचे विशेष बिघडत नाही, आणि आपण हात राखून आठ-दशांश धरला तरी दोन युनिट पदरी पडतात. शंभर भाग घातले तर पंच्याण्णव परत येतात. मिक्सर लावला तरी दिवा मंद होत नाही. वजन आमच्या काट्यावर तेवीस किलो. गाडीवरचा ऐंशी किलोंहून अधिक भार एका दिवसात उतरला.

येथवर वाचून कोणी बाजारात धाव घेऊ नये. जुनी बॅटरी उचलून तिच्या जागी नवी ठेवली की काम झाले, असा बऱ्याच कारागिरांचा समज आहे. पुतण्याच्या गाडीचे काम ज्या परगावच्या कारागिराने केले त्याचाही तोच होता. तारा त्याच, नियंत्रक तोच, आणि इंजिन चालू असता घरच्या बॅटरीकडे वीज आणणारी जोडणीही तीच. नव्या बॅटरीने चार दिवस उत्तम काम दिले. पाचव्या दिवशी रात्री गोव्याहून परतताना अनमोडच्या घाटात प्रथम जळका वास आला, मग गाडीचे पुढचे दिवे मंदावत गेले. इंजिनवरचा आल्टरनेटर, म्हणजे वीज निर्माण करणारे यंत्र, जळून गेला होता. गाडीत पंचाहत्तरीचे आमचे बंधू, वहिनी आणि दोन लहान मुले होती. घाटाच्या वळणावर, एका अंगास दरी, आणि मालमोटारींची ये-जा सुरू. पुतण्याने कशीबशी गाडी कडेला घेतली आणि पहाटेपर्यंत सर्व तेथेच बसून राहिले. यात नवल असे की, त्या रात्रभर फ्रिज अखंड चालू होता व इन्सुलिनला धक्का लागला नाही. नव्या बॅटरीत काही दोष नव्हताच. तिच्या भुकेचा कोणी विचार केला नव्हता.

शिशाची बॅटरी भरत आली की आपोआप कमी वीज मागते. लोह-फॉस्फेटच्या बॅटरीचा अंतर्गत रोध फार अल्प असल्यामुळे ती जवळजवळ भरेपर्यंत जेवढी मिळेल तेवढी ओढतच राहते. घाटात गाडी संथ चालते, आल्टरनेटरचा पंखा मंद फिरतो, त्यास वारा मिळत नाही, आणि मागणी मात्र पूर्ण शक्तीची! मूळ यंत्र तासन् तास पूर्ण भाराने चालण्यासाठी केलेले नसते. दुसरा धोका असा की, बॅटरीतील रक्षक यंत्रणेने काही कारणाने एकाएकी जोडणी तोडली तर आल्टरनेटरचा दाब क्षणात उसळतो व त्यातील डायोड, प्रसंगी गाडीतील इतर उपकरणेही, निकामी होतात. यावर उपाय म्हणजे आल्टरनेटर व घरची बॅटरी यांच्यामध्ये ठराविकच वीज जाऊ देणारा डीसी-टू-डीसी चार्जर बसविणे. आता तीस अँपियरचा बसविला आहे. तीन तासांच्या प्रवासात तो सुमारे बाराशे वॅट-तास भरतो आणि आल्टरनेटरास तोशीस पडू देत नाही. एप्रिल २०२० नंतरच्या, म्हणजे बीएस-६ मानकाच्या, पुष्कळ गाड्यांत आल्टरनेटरचा दाब संगणक वरखाली करीत असतो. तेथे तर या उपकरणावाचून घरची बॅटरी नीट भरतच नाही.

सौर नियंत्रकाची मांडणीही बदलावी लागते. चांगल्या नियंत्रकात बॅटरीची जात निवडण्याची सोय असते. भरण्याचा दाब १४.२ ते १४.४ व्होल्टच्या आसपास ठेवावा. शिशाच्या बॅटरीसाठी मधूनमधून पंधरा व्होल्टच्या वर दाब चढवून तिचे कोष समान करण्याची जी क्रिया असते, ती संपूर्णपणे बंद करावी. थंडीत दाब वाढविण्याची व्यवस्था असल्यास तीही बंद करावी. इन्व्हर्टर साडेदहा व्होल्टला तुटत असे, तो आता बारा व्होल्टला तोडावा लागतो, कारण लोह-फॉस्फेटची बॅटरी बारा व्होल्टवर आली म्हणजे तिच्यात बहुधा दशांशच शिल्लक असते. तारा जाड घ्याव्यात आणि बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतराच्या आतच डीसी विजेसाठी बनविलेला मोठा फ्यूज असावा. घरातील साधा एमसीबी तेथे चालत नाही. दोन टोके चुकून जोडली गेली तर ही बॅटरी क्षणात हजारो अँपियर ओतू शकते.

रोजच्या वापरात सर्वांत फसवी गोष्ट व्होल्टमीटरची. शिशाच्या बॅटरीचा दाब उतरत्या मालाबरोबर उतरत जातो, म्हणून काट्याकडे पाहून शिल्लकेचा अंदाज येतो. लोह-फॉस्फेटमध्ये भरलेल्या व अर्ध्याहून अधिक रित्या बॅटरीच्या दाबात दोन-तीन दशांश व्होल्टचाच फरक असतो, आणि अखेरीस दाब एकदम कोसळतो. बाहेरून कणगीकडे पाहून आत दाणे किती हे जसे कळत नाही तसाच हा प्रकार आहे. त्यासाठी शंट नावाची पट्टी बसविलेला मापक घ्यावा. तो आत गेलेली वीज जमेस व बाहेर गेलेली नावे लिहून शिल्लक दाखवितो. हा एक प्रकारचा रोजमेळच होय, आणि रोजमेळाप्रमाणे यातही बारीक फरक साचत जातात. म्हणून अधूनमधून बॅटरी पूर्ण भरून खाते जुळवून घ्यावे लागते. आमच्या वहिनींस व्होल्ट-अँपियरची ओळख नाही, पण या मापकावरील शेकडा आकडा पाहून आज मिक्सर लावावा की पाटा काढावा हे त्या स्वतः ठरवितात.

खरेदीविषयी थोडे. वापरून उतरलेले कोष नव्या आवरणात घालून विकणारे लोक या धंद्यात आहेत. पोत्याच्या तोंडाशी चांगला माल व तळाशी खराब, हा खेळ आम्हांस नवा नाही. धान्यात आपण सळई खुपसून नमुना काढतो; येथे तसे करता येत नाही, तरी दोन परीक्षा कोणासही करता येतात. पहिली वजनाची. दोनशे अँपियर-तासांच्या बॅटरीत केवळ कोषच पंधरा-सोळा किलोंचे असतात, तेव्हा सबंध बॅटरी बारा किलोंची भरली तर आत काय आहे हे सांगावयास नको. दुसरी परीक्षा वेळाची. बॅटरी पूर्ण भरून तीतून सारखी वीस अँपियर वीज काढीत राहावे. दोनशेची बॅटरी दहा तासांच्या आसपास चालली पाहिजे. आम्ही गाडी दुकानासमोर उभी करून ही परीक्षा केली. सकाळी सव्वाआठला आरंभ केला आणि सायंकाळी सहाला पाच मिनिटे असता रक्षक यंत्रणेने जोडणी तोडली. पेढीवरील मुनीम दर तासाला आकडा टिपून घेत होते. त्यांस हा उपद्व्याप मुळीच आवडला नाही!

हवामानाकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. शून्य अंशाच्या खाली ही बॅटरी भरू नये. आत लिथियम धातूचा लेप बसून तिची कायमची हानी होते. वीज काढण्यास हरकत नाही. बेळगाव-गोव्याकडील लोकांस ही चिंता नाही, पण लडाखचे बेत करणाऱ्या तरुण मंडळींनी कोषांचे तपमान पाहून भरणे थांबविणारी, शक्य तर स्वतःस ऊब देणारी बॅटरी घ्यावी. इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरे, हैदराबाद येथील सभासदांस चिंता उलटी आहे. वैशाखात उन्हात उभ्या गाडीची आतील उष्णता बाहेरच्यापेक्षा पुष्कळ चढते, आणि उष्णतेत भरगच्च भरून ठेवलेली लिथियम बॅटरी लवकर म्हातारी होते. गाडी महिनोन् महिने उभी राहणार असेल तर निम्मी भरून, जोडणी सोडून, सावलीत ठेवावी. शिशाच्या बॅटरीस नेमके याच्या उलट, म्हणजे नेहमी पूर्ण भरून, ठेवावे लागते, आणि जुनी सवय येथे नडते.

आता पैशाची गोष्ट. समजा शिशाच्या दोन बॅटऱ्यांस ३२,००० रुपये व लिथियमच्या एकीस ६०,००० रुपये पडले, आणि चार्जर, मापक, फ्यूज, तारा यांस आणखी २५,००० लागले. शिशाच्या जोडीने अर्धा माल काढीत बाराशे फेरे केले तर सुमारे २,१६० युनिट वीज मिळेल, म्हणजे युनिटास पंधरा रुपये. लिथियमने तीन हजार फेरे केले तर ६,००० युनिट, आणि सर्व खर्च धरून युनिटास सव्वाचौदा. विक्रेते केवळ बॅटरीची किंमत धरून दहा रुपये सांगतात, तो हिशेब अपुरा आहे. शिवाय जी गाडी वर्षातून चाळीस दिवस बाहेर पडते तिच्या बॅटरीचे तीन हजार फेरे पंचाहत्तर वर्षांतही होणार नाहीत. ती वापराने नव्हे, वयानेच संपेल. बारा वर्षांचा काळ धरला तर शिशाच्या तीन जोड्या लागतील, त्यांचे ९६,००० रुपये होतात, लिथियमचे ८५,०००. फरक नगण्य नसला तरी डोळे दिपविणारा नाही. तेव्हा बचत होईल या आशेने हा बदल करू नये. वजन उतरते, पावसाळ्यात दुसरी रात्र निभावते, आम्लाचे पाणी व वायू यांची कटकट जाते, यांसाठी करावयाचा असेल तर अवश्य करावा. आमच्या पेढीवरील इन्व्हर्टरखाली आजही शिशाच्याच बॅटऱ्या आहेत. तेथे वजनाचे काही अडत नाही, वीज दिवसातून तासभर जाते, आणि उरलेला वेळ त्या भरलेल्या राहतात.

राहिला प्रश्न जुन्या मालाचा. शिशाची बॅटरी वितळवून पुन्हा नवी होते, म्हणून जुन्या जोडीचे वजनावर पैसे मिळतात. त्या भंगारवाल्यास न देता विक्रेत्याकडेच परत कराव्यात. २०२२ सालच्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरून संपलेला माल गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, आणि हा नियम लिथियमलाही लागू आहे. परंतु आमच्या पेठेत लिथियमच्या जुन्या बॅटरीस अद्याप कोणी भाव पुकारीत नाही. यास्तव खरेदीच्या वेळीच, आयुष्य संपल्यावर ही बॅटरी आम्ही परत घेऊ, असे विक्रेत्याकडून पावतीवर लिहून घ्यावे. पुतण्याच्या पावतीवर तशी ओळ आहे. दुकानदाराने ती थोड्या नाराजीने, पण सहीशिक्क्यासह लिहून दिली.